चाच्यांचा फास आणि न्यायमूर्ती स्टोरी

डिसेंबर २०२२ मध्ये आपल्या संसदेने सागरी चाचेगिरीविरोधी कायदा संमत केला. चाचेगिरी करताना कोणाचा जीव घेतला, अथवा तसा प्रयत्न केला, तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा देता येईल अशी तरतूद त्यात आहे. शासकीय सेवेत आयुष्य गेल्यामुळे नवा कायदा हाती आला की प्रथम त्याची शिक्षेची कलमे वाचावयाची, ही खोड आम्हांस जडली आहे. हे कलम वाचताना आम्हांस १९९९ सालचे ‘अलोंड्रा रेनबो’ प्रकरण आठवले. अॅल्युमिनियमच्या विटा घेऊन निघालेले ते जपानी मालकीचे जहाज चाच्यांनी पळविले, त्याचे नाव बदलले, आणि आपल्या नौदलाने व तटरक्षक दलाने पश्चिम किनाऱ्यापासून दूर समुद्रात ते पकडले. त्यावरील १५ इंडोनेशियन इसमांना मुंबईत आणण्यात आले. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरविले, आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. भारतीय दंड संहितेत दरोडा होता, खून होता, परंतु चाचेगिरी या नावाचा गुन्हाच नव्हता. ती उणीव आता भरून निघाली आहे. मार्च २०२४ मध्ये ‘रुएन’ जहाजावरील ३५ सोमाली चाचे मुंबईच्या पोलिसांच्या हवाली झाले, तेव्हा हा नवा कायदा हाताशी होता.

कायदा झाला हे योग्यच झाले. परंतु ‘चाचा’ या शब्दाविषयी आपण मराठी माणसांनी थोडे सावध असावे असे आम्हांस वाटते. कान्होजी आंग्रे हे छत्रपतींचे सरखेल होते. किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांना ते दस्तके देत, आणि दस्तक न घेणाऱ्यांना अडवीत. मुंबईकर इंग्रजांनी आपल्या कागदोपत्री त्यांना सरसकट चाचा म्हटले, आणि इंग्रजी ग्रंथांतून तो शब्द पुढे दोनशे वर्षे तसाच छापला गेला. विशेष असे की, दुसऱ्यांच्या गलबतांना परवाने घ्यावयास लावणे आणि परवाना नसेल तर पकडणे हे पोर्तुगीजांनी त्याच किनाऱ्यावर आंग्र्यांच्या कितीतरी आधी सुरू केले होते. एका राज्याचा आरमारप्रमुख दुसऱ्या राज्याच्या दप्तरात चोर ठरतो. आंग्र्यांच्या बाबतीत या शब्दाने बदनामी झाली, लढाया झाल्या, १७५६ साली विजयदुर्ग पडला. ज्यांच्यामागे गड नव्हता, आरमार नव्हते, छत्रपती नव्हते, अशा साध्या खलाशाला हा शब्द चिकटला की मात्र गळ्याशी दोर येत असे.

हा दोर कसा वळला जात असे, आणि कोणाच्या गळ्यात पडत असे व कोणाच्या नाही, हे पाहावयाचे तर एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अमेरिकेकडे जावे लागते. तेथील कायदे छापील आहेत, न्यायनिर्णय छापील आहेत, आणि सुदैवाने या सगळ्यांतून एकच मनुष्य वारंवार आपल्याला भेटतो. तो म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी. वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, १८११ साली, ते त्या पदावर बसले आणि १८४५ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्या काळी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वर्षाचा काही काळ प्रांतोप्रांती फिरून खालच्या न्यायालयांतही बसत. त्यामुळे चाचेगिरीची व्याख्या करणारे स्टोरी आणि तिच्याखाली फाशी फर्मावणारे स्टोरी हे एकच.

अमेरिकेच्या राज्यघटनेने चाचेगिरीची व्याख्या करण्याचा व तिला शिक्षा ठरविण्याचा अधिकार तेथील काँग्रेसला, म्हणजे विधिमंडळाला, दिला होता. १७९० च्या कायद्याने काँग्रेसने तो वापरला. समुद्रावर खून केला, लूट केली, जहाज पळविले, कप्तानाविरुद्ध बंड केले, तर तो चाचा, आणि शिक्षा देहान्त. पुढे १८१५ नंतर अडचण उभी राहिली. दक्षिण अमेरिकेतील स्पेनच्या वसाहती स्वतंत्र होऊ लागल्या होत्या. त्या नव्या, अर्ध्यामुर्ध्या राज्यांनी खाजगी जहाजांना स्पॅनिश जहाजे लुटण्याचे परवाने वाटले. बाल्टिमोर बंदरातील मंडळींनी असे परवाने घेऊन धंदा मांडला. परवाना खरा असेल तोवर ते युद्ध, आणि परवाना संपला, हरवला किंवा पहिल्यापासून खोटाच असला तर ती चाचेगिरी. समुद्रावर परवाना तपासणार कोण? त्यात १८१८ साली सर्वोच्च न्यायालयाने पामर नावाच्या आरोपीच्या खटल्यात असे ठरविले की, परदेशी जहाजावरील माणसांनी परदेश्यांनाच लुटले असेल तर १७९० च्या कायद्याचा हात तेथवर पोहोचत नाही.

मग ३ मार्च १८१९ रोजी काँग्रेसने नवा कायदा केला. जो कोणी समुद्रावर ‘राष्ट्रांच्या कायद्याने ठरविल्याप्रमाणे’ चाचेगिरी करील आणि पुढे अमेरिकेत आणला जाईल किंवा सापडेल, त्याला देहान्त शिक्षा. पाचव्या कलमाचा आशय एवढाच. मसुदे वाचण्याची सवय असलेल्या मनुष्याला येथे ठेच लागल्याशिवाय राहत नाही. गुन्ह्याची व्याख्या कायद्यात नाही, आणि ती जेथे आहे म्हणून सांगितले आहे त्या ‘राष्ट्रांच्या कायद्या’ची संहिता कोठेही छापलेली नाही. ती लॅटिन, फ्रेंच व इंग्रजी पंडितांच्या ग्रंथांतून वेचून काढावयाची. देशी महसुली कायद्यात असे मोघम कलम घातले असते तर विधी खात्याने नस्ती परत पाठविली असती.

हाच प्रश्न १८२० साली टॉमस स्मिथ नावाच्या खलाशाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. स्मिथ आणि त्याचे साथीदार व्हेनेझुएलाजवळील मार्गारिता बेटाच्या बंदरात एका परवानाधारक जहाजावर नोकरीस होते. त्यांनी बंड करून ते जहाज सोडले, शेजारचे ‘इर्रेझिस्टिबल’ नावाचे दुसरे जहाज बळकावले आणि कोणाच्याही परवान्याशिवाय समुद्रात जाऊन एक स्पॅनिश जहाज लुटले. ही कृत्ये चाचेगिरी ठरतात काय? स्टोरींनी बहुमताचा निकाल लिहिला. समुद्रावरील लूट म्हणजे चाचेगिरी, यावर सर्व ग्रंथकारांचे एकमत आहे, तेव्हा व्याख्या पुरेशी निश्चित आहे, असे ते म्हणाले. एकमत आहे हे दाखविण्यासाठी त्यांनी निकालाला अनेक पानांची तळटीप जोडली. ग्रोशियसपासून ब्लॅकस्टनपर्यंत सारे पंडित त्या तळटिपेत हजर आहेत. निकाल त्यामानाने आटोपशीर आहे.

न्यायमूर्ती लिव्हिंग्स्टन यांनी एकट्यांनी विरोध केला. ज्या गुन्ह्यासाठी प्राण द्यावयाचा तो गुन्हा काय आहे हे काँग्रेसने आपल्याच कायद्यात, आपल्याच शब्दांत सांगितले पाहिजे. नागरिकाला परदेशी पंडितांच्या ग्रंथांकडे बोट दाखवून चालणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. आमचे मत विचाराल तर विद्वत्ता स्टोरींच्या बाजूला होती, आणि न्याय लिव्हिंग्स्टन यांच्या. डोलकाठीवर चढणाऱ्या गड्याला ग्रोशियस कोठून ठाऊक असावयाचा? अर्थात लूट करणे वाईट एवढे त्याला ठाऊक होते, असे स्टोरींच्या बाजूने म्हणता येईल, आणि ते अगदीच चुकीचे नाही.

असो. व्याख्या झाली. आता तिची अंमलबजावणी पाहू.

२९ ऑगस्ट १८३२ रोजी अमेरिकेतील सेलम बंदरातून ‘मेक्सिकन’ नावाचे दोन डोलकाठ्यांचे जहाज ब्राझीलमधील रिओ दी जानेरोकडे निघाले. जहाज जोसेफ पीबडी या प्रसिद्ध व्यापाऱ्याचे, आणि कप्तान जॉन बटमन. परतीचा माल खरेदी करण्यासाठी जहाजावर वीस हजार डॉलरची चांदीची नाणी पेट्यांत भरून ठेवलेली होती. २० सप्टेंबरच्या सकाळी भर अटलांटिकमध्ये त्यांना एक काळी, सडपातळ, वेगवान स्कूनर दिसली. तिचे नाव ‘पांडा’. ती हवानाहून निघाली होती. तिचा कप्तान पेद्रो गिबर्ट हा स्पॅनिश, आणि दुय्यम कप्तान बर्नार्दो दे सोतो. पांडावरील लोक शस्त्रे घेऊन मेक्सिकनवर चढले, बटमन आणि त्याच्या माणसांना मारहाण करून त्यांनी पेट्या काढवून घेतल्या. त्यानंतर खलाशांना जहाजाच्या पोटात कोंडून वरची दारे बंद केली, शिडे व दोरखंड तोडले, होकायंत्रे फोडली, आणि स्वयंपाकाच्या खोलीत डांबर लावलेल्या दोऱ्या वगैरे जळाऊ सामान टाकून आग लावून दिली. साक्षीदार उरू नयेत हा हेतू उघड होता.

पुढचा प्रकार कादंबरीत शोभावा असा आहे, पण तो न्यायालयात शपथेवर सांगितला गेलेला आहे. खलाशांना एक लहानसे झाकण चाच्यांनी बंद करावयाचे विसरल्याचे आढळले. कप्तान बटमन यांनी प्रथम गुडघे टेकून प्रार्थना केली, आणि मग त्या भोकातून मंडळी वर आली. आग आटोक्यात होती. ती सर्वस्वी विझविली असती तर दूर गेलेल्या पांडावरून ते कळले असते आणि ती परत फिरली असती. तेव्हा त्यांनी आग विझविली, पण धूर निघत राहील एवढी धुगधुगी मुद्दाम ठेवली. पांडा क्षितिजाआड गेल्यावर उरलेले निखारे मालवून, तुटलेली शिडे सांधून, १२ ऑक्टोबरला जहाज सेलमला पोहोचले. एकही माणूस दगावला नाही. आम्ही जहाजांविषयी बरेच वाचले आहे, परंतु धुराने जीव वाचविल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

पांडा तेथून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर गेली. का गेली, ते पुढे सांगू. १८३३ च्या जूनमध्ये नाझरेथ नदीच्या मुखाशी ब्रिटिश युद्धनौका ‘कर्ल्यू’चा कप्तान हेन्री ट्रॉटर याने तिला गाठले. चाचे किनाऱ्यावर जंगलात पळाले. स्कूनरचा पुढे स्फोट झाला आणि त्यात कर्ल्यूवरील काही लोकही प्राणास मुकले. ट्रॉटरने मात्र पिच्छा सोडला नाही. किनाऱ्यावर आणि जवळच्या बेटांवर कित्येक महिने शोध घेऊन त्याने एकेकाला पकडले. ब्रिटिश सरकारने त्यांना १८३४ च्या ऑगस्टमध्ये ‘सॅव्हेज’ या नौकेतून सेलमला पाठवून दिले. एका देशाच्या नौकेने पकडावे, दुसऱ्या देशाच्या न्यायालयाने तपासावे, आणि आरोपी तिसऱ्याच देशाचे असावेत, हे चाचेगिरीच्याच बाबतीत घडू शकत असे. चाचा हा साऱ्या मानवजातीचा वैरी, म्हणून ज्याच्या हाती लागेल त्याने त्याचा न्याय करावा, हा फार जुना दंडक आहे.

नोव्हेंबर १८३४ मध्ये बॉस्टनला बारा जणांवर खटला उभा राहिला. आसनावर स्टोरी आणि त्यांच्याबरोबर जिल्हा न्यायाधीश डेव्हिस होते. आरोपींना इंग्रजी येत नव्हते, दुभाष्यामार्फत काम चालले. त्यांच्यापैकी एक खलाशी माफीचा साक्षीदार झाला होता. आरोपींची बाजू डेव्हिड ली चाइल्ड यांनी मांडली. हे गृहस्थ गुलामगिरीविरुद्ध लिहिणारे, पदरमोड करून लढणारे वकील होते. सुमारे पंधरा दिवस काम चालून निकाल लागला. सात जण दोषी, पाच जण निर्दोष. निर्दोष सुटलेल्यांत जहाजावरचा पोरसवदा नोकर निकोला कोस्टा आणि आफ्रिकी स्वयंपाकी अंतोनिओ फेरर हे होते. हुकुमाच्या ताबेदारांना ज्यूरीने सोडले, ही गोष्ट आम्हांस नमूद करण्याजोगी वाटते.

दे सोतोच्या बाबतीत ज्यूरीने दोषी ठरवूनही दयेची शिफारस केली. त्याचे कारण असे. १८३१ साली, म्हणजे दरोड्याच्या आदल्या वर्षी, तो दुसऱ्या एका जहाजाचा कप्तान होता, आणि बहामा बेटांजवळ ‘मिनर्व्हा’ नावाचे अमेरिकन जहाज पेटलेले त्याने पाहिले. स्वतःचे जहाज धोक्यात घालून त्याने सत्तराहून अधिक लोकांना वाचविले होते. ज्या मनुष्याने एका वर्षी जळत्या जहाजावरून माणसे उतरविली, तोच पुढच्या वर्षी माणसांनी भरलेले जहाज जाळणाऱ्यांत होता. मनुष्यस्वभावाचा यावर काही खुलासा करावा अशी आमची शक्ती नाही.

शिक्षेपूर्वी वकिलांनी फेरखटल्याची मागणी केली. तेथे स्टोरींनी जो निर्णय दिला तो कायद्याच्या अभ्यासकांत आजही चर्चिला जातो. अमेरिकेच्या घटनेत असे वचन आहे की, एकाच अपराधासाठी कोणाचाही जीव दोनदा धोक्यात घालू नये. ते उघड उघड आरोपीच्या रक्षणासाठी आहे. स्टोरी म्हणाले, फेरखटला म्हणजे दुसऱ्यांदा जीव धोक्यात घालणे. म्हणून आरोपीने स्वतः मागितला तरी तो देण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. म्हणजे दुसऱ्यांदा मृत्यूचा धोका नको, म्हणून पहिल्या मृत्यूची खात्री! स्टोरी हे दुष्ट नव्हते, आळशीही नव्हते. कलमाचा शब्द तेवढा त्यांनी शेवटपर्यंत नेला, आणि त्याचा हेतू वाटेत सुटला. कचेरीत तीन तपे काढलेल्या आमच्यासारख्याला हा आजार ओळखीचा आहे, फक्त आमच्या कचेरीत त्याने फार तर कोणाचे निवृत्तिवेतन अडत असे. पुढच्या काळातील अमेरिकन न्यायालयांनी स्टोरींचा हा अर्थ मानला नाही, परंतु तोवर बॉस्टनचे काम आटोपलेले होते.

११ जून १८३५ रोजी गिबर्ट आणि चार खलाशी, बोयगा, कास्तियो, गार्सिया व मोन्तेनेग्रो, यांना बॉस्टनच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. बोयगाने फाशीआधी गळ्यावर शस्त्र चालवून जीव देण्याचा प्रयत्न केला होता. रक्तस्रावाने तो इतका अशक्त झाला होता की त्याला खुर्चीत बसवून फासापर्यंत न्यावे लागले. सहावा, फ्रान्सिस्को रुइझ, वेडाची चिन्हे दाखवू लागला म्हणून त्याची तपासणी करण्यास मुदत देण्यात आली, आणि वेड खोटे ठरल्यावर सप्टेंबरमध्ये त्यालाही टांगले. दे सोतोची पत्नी स्पेनहून समुद्र ओलांडून आली होती. ती वॉशिंग्टनला अध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्याकडे गेली. जॅक्सन यांनी जुलै १८३५ मध्ये माफी दिली, आणि मिनर्व्हावरील सत्तर जिवांच्या पुण्याईने एकाचा जीव वाचला.

आता पांडा आफ्रिकेला का गेली ते सांगावयाचे राहिले. ती गुलाम आणावयास गेली होती. हवानाहून निघाली तीच त्या कामासाठी. मेक्सिकनवरील चांदी ही तिला वाटेत सापडलेली जादा मिळकत होती. बॉस्टनच्या खटल्यात पंधरा दिवस वीस हजार डॉलरांचा, तोडलेल्या दोरांचा आणि आगीचा हिशेब झाला. त्या किनाऱ्यावर माणसे विकत घेऊन जहाजाच्या पोटात भरावयाची होती, हा आरोप कोणावर नव्हता, आणि असूही शकत नव्हता. स्पॅनिश जहाजावर स्पॅनिश माणसे अमेरिकन कायद्याच्या कक्षेबाहेर होती. लुटीसाठी चाचा साऱ्या जगाचा वैरी, पण माणसे पळविण्यासाठी मात्र ज्याच्या त्याच्या देशाचा मामला, अशी ही वाटणी होती.

याचा अर्थ कोणाला हे सुचले नव्हते असे नाही. १५ मे १८२० रोजी, स्मिथच्या निकालाच्याच वर्षी, काँग्रेसने चाचेगिरीचा कायदा पुढे चालू ठेवताना त्यात दोन कलमे जोडली होती. व्हर्जिनियाचे प्रतिनिधी चार्ल्स मर्सर हे त्यामागे होते. अमेरिकन नागरिकाने, किंवा अमेरिकन जहाजावरील कोणाही खलाशाने, परक्या किनाऱ्यावर उतरून गुलाम करण्याच्या हेतूने माणसे धरली, किंवा फसवून वा जबरीने जहाजावर चढविली, तर तो चाचा समजावा, आणि शिक्षा देहान्त. जगातील हा तऱ्हेचा पहिला मोठा कायदा म्हणून त्याचा गौरव होतो.

येथे आमच्या वाचकांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. त्याच वर्षीच्या जानेवारीत, म्हणजे अमेरिकन कायद्याच्या चार महिने आधी, इराणच्या आखातात ब्रिटिशांनी अरब शेखांशी एक तह केला. त्याच्या नवव्या कलमात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून वा अन्य ठिकाणाहून गुलाम नेणे म्हणजे लूट व चाचेगिरी होय असे स्पष्ट लिहिलेले आहे. हा तह करून घेणारी मोहीम मुंबईहून निघाली होती. १८१९ च्या अखेरीस जनरल विल्यम ग्रँट कीर मुंबईची फौज व आरमार घेऊन गेला, आणि रास अल खैमा येथील कासिमी लोकांचा किल्ला पाडून, त्यांची गलबते जाळून, तह झाला. कासिमी हे चाचे होते, असे मुंबईचे दप्तर म्हणते. शारजाचे विद्यमान शासक डॉ. सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी यांनी १९८६ मध्ये याच दप्तराच्या आधारे ग्रंथ लिहून अरब चाचेगिरी ही दंतकथा आहे असे प्रतिपादन केले. आंग्र्यांच्या बाबतीत आपण जे म्हणतो तेच ते म्हणतात, आणि दप्तरही तेच आहे. मालवण आणि वेंगुर्ले ही बंदरे १८१२ साली कोल्हापूर व सावंतवाडी यांच्याकडून चाचेगिरीच्याच कारणाने घेतली गेली. ओखामंडळ १८१७ मध्ये गायकवाडांच्या हवाली झाले, त्यालाही तोच बोल होता. बडोदेकर वाचकांना तो इतिहास ठाऊक असेल. ज्यांच्यापाशी मुलूख होता त्यांचा मुलूख गेला, एवढेच. गळफास हा बिनमुलखाच्या माणसांसाठी होता.

बिनमुलखाची माणसे इंग्लंडातही टांगली जात. टेम्स नदीकाठी वॉपिंग येथे चाच्यांना फाशी देण्याची जागा होती. तेथील शेवटची फाशी १६ डिसेंबर १८३० रोजी झाली, जॉर्ज डेव्हिस आणि विल्यम वॉट्स या दोघांना. हे टास्मानियातील कैदी. शिक्षेच्या वसाहतीत नेणारे ‘सायप्रस’ हे जहाजच कैद्यांनी १८२९ साली पळविले होते आणि पॅसिफिक ओलांडून जपान व चीनपर्यंत नेले. त्यांनी कोणाला ठार मारले नव्हते. १८३७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने साध्या चाचेगिरीची फाशी काढली. जीव घेण्याचा प्रयत्न, जखमी करणे वा जिवास धोका उत्पन्न करणे यांची जोड असेल तरच देहान्त, असे ठरले. ते कलम कागदावर १९९८ पर्यंत टिकले. आपल्या २०२२ च्या कायद्यात याच विचाराचा पडसाद आहे हे वाचकांच्या ध्यानात आले असेल.

अमेरिकेच्या १८२० च्या कलमांकडे परत येऊ. कायदा पुस्तकात होता आणि गुलामांची जहाजे समुद्रावर होती. स्टोरींनी १८१९ च्या सुमारास ज्यूरीपुढे भाषणे करून गुलामव्यापाराची निर्भर्त्सना केली. १८२२ मध्ये एका फ्रेंच जहाजाच्या प्रकरणात त्यांनी हा व्यापार राष्ट्रांच्या कायद्याविरुद्ध आहे असा निकालही दिला. परंतु १८२५ साली ‘अँटिलोप’ प्रकरणात सरन्यायाधीश मार्शल यांनी उलट सांगितले. गुलामव्यापार निसर्गनियमाला धरून नाही हे खरे, तथापि राष्ट्रांनी तो इतका काळ चालविला आहे की तो राष्ट्रांच्या कायद्याविरुद्ध म्हणता येत नाही, आणि म्हणून तो चाचेगिरीही नव्हे. ज्या देशाने स्वतःच्या कायद्याने मनाई केली त्या देशापुरती मनाई. परिणामी त्या जहाजावरील काही आफ्रिकनांना स्पॅनिश मालकीचे म्हणून गुलामीत जावे लागले, बाकीचे पुढे लायबेरियात पाठविले गेले.

या शब्दाची सगळ्यांत विलक्षण उलटापालट १८३९ साली झाली. ‘आमिस्ताद’ नावाच्या स्पॅनिश स्कूनरवरून क्यूबाच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात नेल्या जाणाऱ्या ५३ आफ्रिकनांनी सेंगबे पिएह याच्या पुढाकाराने रात्री बंड केले, कप्तान व स्वयंपाकी यांना ठार मारले, आणि जहाज आफ्रिकेकडे वळविण्याचा प्रयत्न केला. सुकाणूवर जिवंत ठेवलेल्या दोघा स्पॅनिश मालकांनी दिवसा पूर्वेकडे आणि रात्री गुपचूप उत्तरेकडे जहाज हाकून त्यांना अमेरिकेच्या किनाऱ्याशी आणले. तेथे त्यांना पकडून आरोप ठेवला तो खुनाचा आणि चाचेगिरीचा! माणसे पळवून आणणारे फिर्यादी होते, आणि पळविलेली माणसे चाचे. फौजदारी आरोप न्यायकक्षेअभावी लवकर गळाला. परंतु १७९५ च्या तहात, चाचे व दरोडेखोर यांच्या हातून सोडविलेली जहाजे व माल मूळ मालकाला परत द्यावीत असे कलम होते, आणि त्याच्या आधारे स्पेनने या माणसांची मागणी केली. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स, वय वर्षे ७३, त्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले.

९ मार्च १८४१ रोजी निकाल वाचला तो स्टोरींनीच. ही माणसे स्पेनच्याच कायद्याने कधीही गुलाम नव्हती, त्यांना बेकायदा पळवून आणले होते. स्वातंत्र्य परत मिळविण्यासाठी त्यांनी केलेली कृत्ये भयंकर असतील, पण त्यामुळे ती चाचे वा दरोडेखोर ठरत नाहीत, असा निर्णय त्यांनी दिला. १८२० साली व्याख्या सोपी आहे म्हणणाऱ्या, १८३४ मध्ये शब्दाला चिकटून बसणाऱ्या न्यायाधीशाने या वेळी शब्द कोणाच्या अंगावर टाकला जात आहे हे पाहिले. जिवंत राहिलेले पस्तीस जण १८४२ च्या जानेवारीत सिएरा लिओनला पोहोचले.

स्टोरी १८४५ मध्ये वारले. १८२० च्या त्या दोन कलमांखाली तोवर एकालाही फाशी झालेली नव्हती, आणि पुढेही पंधरा-सोळा वर्षे झाली नाही. जहाजे पकडली जात, खटले भरले जात. पण कप्तान आपण अमेरिकन नाही म्हणे, जहाज विकून टाकलेले दाखवी, ज्यूरीचे एकमत होत नसे, किंवा हलक्या कलमाखाली सौम्य शिक्षा होई. न्यूयॉर्क हे या धंद्याचे मोठे भांडवली केंद्र होते, आणि तेथील प्रतिष्ठितांना फास ही त्यांच्यापैकी कोणासाठी असलेली वस्तू वाटत नव्हती. तो गिबर्टसाठी होता.

८ ऑगस्ट १८६० रोजी काँगो नदीच्या मुखाबाहेर ‘मोहिकन’ या अमेरिकन युद्धनौकेने ‘इरी’ हे जहाज पकडले. त्यावर ८९७ आफ्रिकन होते, आणि त्यांतील जवळजवळ निम्मी मुले. कप्तान नॅथॅनियल गॉर्डन हा मेन प्रांतातील पोर्टलंडचा. माणसांना लायबेरियात मन्रोव्हियाला उतरविण्यात आले, आणि गॉर्डनला न्यूयॉर्कला आणले. पहिल्या खटल्यात ज्यूरीचे एकमत झाले नाही. नोव्हेंबर १८६१ मध्ये दुसऱ्या खटल्यात तो दोषी ठरला. एव्हाना यादवी युद्ध पेटले होते आणि लिंकन अध्यक्ष होते. गॉर्डनची पत्नी व आई वॉशिंग्टनला धावल्या, जशी सत्तावीस वर्षांपूर्वी दे सोतोची पत्नी धावली होती. लिंकन माफी देण्याबद्दल प्रसिद्ध होते. त्यांनी दोन आठवड्यांची मुदत दिली, मरणाची तयारी करण्यासाठी, आणि माफीची आशा ठेवू नये असे तीत स्पष्ट लिहिले. आदल्या रात्री गॉर्डनने विष घेतले. डॉक्टरांनी त्याला फाशीपुरता शुद्धीवर आणला. २१ फेब्रुवारी १८६२ रोजी न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आले. कायदा संमत झाल्यास त्या दिवशी एकेचाळीस वर्षे आणि नऊ महिने झाले होते. त्या कायद्याखाली फाशी गेलेला तो पहिला मनुष्य, आणि शेवटचाही.